वाऱ्याचा हिशेब : विमान, हवा आणि इंधन



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी ग्वाल्हेरच्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना अंकगणित शिकविले. त्या अंकगणितात नाव आणि प्रवाह यांची उदाहरणे हमखास असत. नाव प्रवाहाबरोबर अमुक वेळात जाते, प्रवाहाविरुद्ध तमुक वेळात परत येते, तर प्रवाहाचा वेग किती? हे उदाहरण केवळ परीक्षेपुरते आहे, असेच आपल्यापैकी पुष्कळांना तेव्हा वाटले असणार. आजचा माझा विषय म्हणजे त्याच उदाहरणाचा विस्तार आहे. नावेच्या जागी विमान आणि नदीच्या जागी वातावरण धरावे. मात्र या नदीला काठ नाहीत, तिचा प्रवाह उंचीगणिक आणि तासागणिक बदलतो, आणि नावाड्याला तो डोळ्यांनी दिसत नाही.

विमानाचे इंधन वाचवायचे म्हटले की नवी इंजिने, हलकी द्रव्ये, पंखांची वर वळविलेली टोके डोळ्यांपुढे येतात. त्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु तेच विमान, तेच इंजिन, तेवढेच प्रवासी आणि तोच मार्ग असूनही सोमवारी जेवढे इंधन जळते तेवढे मंगळवारी जळत नाही. हा फरक हवेमुळे पडतो. उड्डाण चालू असताना ती हवा ओळखता आली, तर तिच्याशी झगडण्याऐवजी तिचा उपयोग करून घेता येतो. भारतीय विमान कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारणपणे एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश असतो, आणि जळालेल्या प्रत्येक किलोग्रॅम इंधनातून ३.१६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेव्हा या ओळखीची किंमत लहान नाही.

प्रथम गुरुजींच्या पद्धतीने एक उदाहरण सोडवू. दिल्ली ते कोलकाता हे अंतर सुमारे १,३०० कि.मी. आहे. विमानाचा हवेतील वेग ताशी ८३० कि.मी. धरू आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी १५० कि.मी. वेगाचा वारा आहे असे मानू. उत्तर भारतातील हिवाळ्यात हे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. जाताना जमिनीच्या संदर्भात वेग ताशी ९८० होतो आणि ८० मिनिटे लागतात. येताना तो ६८० उरतो आणि ११५ मिनिटे लागतात. म्हणजे जाऊन-येऊन १९५ मिनिटे झाली. वारा मुळीच नसता तर १८८ मिनिटांत काम झाले असते. जाताना मिळालेले येताना फिटते, हा समज चुकीचा आहे. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा ठरतो. वाऱ्याशी व्यवहार बरोबरीत कधीच सुटत नाही, आणि म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून करावा लागतो.

हा वरचा वारा माणसाला फार उशिरा कळला. येथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, आग्र्याला, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जे. एच. फील्ड यांच्या देखरेखीखाली वरच्या हवेची वेधशाळा उभी राहिली. हायड्रोजन भरलेला लहानसा फुगा सोडावयाचा, दुर्बिणीच्या कोनमापकाने त्याचा पाठलाग करावयाचा आणि तो कसा वाहत गेला यावरून निरनिराळ्या उंचींवरचा वारा काढावयाचा, अशी ती साधी, चिकाटीची रीत होती. त्याच रीतीने जपानमधील तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२३ पासून निरीक्षणे केली आणि हिवाळ्यात जपानवरून अतिशय वेगवान पश्चिमी वारे वाहतात हे दाखवून दिले. जगाने वाचावे म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या कृत्रिम विश्वभाषेत छापला, आणि नेमके त्यामुळेच तो जगाने वाचला नाही. पुढे २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने टोकियोवर गेली, तेव्हा हे वारे त्यांच्या अंगावर आले आणि बहुतेक बॉम्ब नेम सोडून पडले. ज्ञान उपलब्ध होते. ते ज्यांच्यापर्यंत पोहोचावयास हवे होते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आजचा आपला प्रश्न बराचसा याच जातीचा आहे.

या वाऱ्यांना आपण झोतवारे म्हणू. ते पृथ्वीभोवती नागमोडी वळणे घेत फिरतात. हिवाळ्यात त्यांचा एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेस, उत्तर भारतावरून, सुमारे १२ कि.मी. उंचीवर वाहतो आणि त्याच्या गाभ्यातील वेग ताशी २०० कि.मी.च्या घरात जातो. डिसेंबर-जानेवारीत आपण किल्ल्यावर ऊन खात बसतो तेव्हा डोक्यावर काय चालले आहे याची आपल्याला गंधवार्ताही नसते. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि भारताच्या दक्षिण भागावर, आणखी उंचावर, उलट दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत निर्माण होतो. या पूर्वी झोताचे विवेचन पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

आता, अशा प्रवाहात नाव कशी हाकावी? सरळ रेषेत हाकणे हे नेहमीच शहाणपणाचे नसते. जर्मन गणिती एर्न्स्ट झेर्मेलो यांनी १९३१ मध्ये हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला : वारा ठिकाणोठिकाण बदलत असेल तर कमीत कमी वेळात पोहोचविणारा मार्ग कोणता? त्याचे उत्तर बहुधा वक्र रेषेचे येते, कारण विमानाला किंमत मोजावी लागते ती हवेतून कापलेल्या अंतराची; नकाशावरचे अंतर त्या मानाने गौण.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आरंभी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या बोईंग ७७७ विमानाने उलटी दिशा धरली आणि ते पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून गेले. हे अंतर सुमारे १५,३०० कि.मी. भरले, म्हणजे १,४०० कि.मी. जास्त, तरीही प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पूर्ण झाला. हवेतील वेग ताशी ८९० कि.मी. धरून ढोबळ हिशेब केला, तर नव्या मार्गाने विमानाने हवेतून सुमारे १२,९०० कि.मी. कापले आणि जुन्या मार्गाने ते १४,७०० कि.मी.च्या आसपास कापीत होते. नकाशावर लांब असलेला रस्ता हवेत आखूड निघाला.

इतका मोठा निर्णय उड्डाणापूर्वी, कागदावरच होतो. परंतु विमान वर गेल्यावर हवा कागदाप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून विमानाला स्वतःच्या ज्ञानेंद्रियांची गरज असते. ती कोणती, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो.

विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड केलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांना पितो नळी म्हणतात. आँरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये ही नळी वापरली ती सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी. म्हणजे येथेही आपण नदीपासूनच निघतो. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब या नळीत मिळतो आणि विमानाच्या अंगावरील छिद्रांतून भोवतालचा शांत दाब मिळतो. या दोहोंच्या गुणोत्तरावरून विमान ध्वनीच्या वेगाच्या किती पट वेगाने जात आहे, हे कळते. परंतु ध्वनीचा वेग स्वतः तपमानावर अवलंबून असतो, म्हणून बाहेरचे तपमानही मोजावे लागते. येथे एक गंमत आहे. बाहेरची हवा उणे ५६ अंशांवर असली आणि विमान ध्वनीच्या ०.८ पट वेगाने जात असले, तर तपमापकावर आदळून थांबणारी हवा दाबली जाऊन सुमारे २८ अंशांनी तापते. तपमापक दाखवितो उणे २८. खरे तपमान गणिताने काढावे लागते.

एवढे झाले की विमानाचा हवेतील वेग मिळाला. नाकाची दिशा भ्रमणदर्शक यंत्रणा सांगते. जमिनीच्या संदर्भातील वेग आणि दिशा उपग्रहांकडून मिळते. एकातून दुसरे वजा केले की उरतो तो वारा! हे वाटते तितके सोपे नाही, कारण दोन मोठ्या राशींतील लहान फरक आपण शोधीत असतो. नाकाच्या दिशेत अर्ध्या अंशाची चूक झाली, तर आडव्या वाऱ्यात ताशी सात कि.मी.ची चूक शिरते. शिवाय ही इंद्रिये नाजूक असतात. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या पितो नळ्यांत बर्फाचे कण साचले आणि वेगाची दर्शने विसंगत झाली. त्या अपघाताची कारणे अनेक होती, पण आरंभ तेथून झाला आणि २२८ माणसे गेली.

या मोजमापांचा इंधनाशी संबंध पुष्कळ ठिकाणी येतो. इंधन जळेल तसे विमान हलके होते आणि त्याला अधिक उंचीवर उडणे किफायतीचे ठरते, म्हणून लांबच्या प्रवासात ते पायरीपायरीने वर चढते. पण वरच्या पायरीवर समोरचा वारा जोरात असेल तर तेथे जाणे म्हणजे बचतीच्या नादात नुकसान. त्याचप्रमाणे हवा अपेक्षेपेक्षा उष्ण असेल तर ती विरळ असते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि वर चढण्याची मर्यादा खाली येते. ज्या आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणावर विमानांची कोष्टके बेतलेली असतात, त्यात समुद्रसपाटीवर १५ अंश आणि ११ कि.मी.वर उणे ५६.५ अंश मानलेले आहेत. हे वातावरण समशीतोष्ण देशांच्या सरासरीचे आहे. पावसाळ्यातील आपली वरची हवा त्याहून दहाएक अंशांनी उष्ण असणे ही नित्याची गोष्ट आहे. परदेशी कोष्टक आपल्या आकाशात जसेच्या तसे लागू पडत नाही, हे वैमानिकांना ठाऊक असते. प्रवाशांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

उतरणीचा हिशेब मला सर्वांत सुंदर वाटतो. दक्षिणेकडून दिल्लीला जाणारी विमाने ग्वाल्हेरच्या अक्षांशावर आली की वैमानिकांच्या मनात उतरण घोळू लागते. ३६,००० फुटांवरून इंजिने जवळजवळ मोकळी सोडून घसरत जावयाचे तर सुमारे २०० कि.मी. लागतात. पाठीमागून ताशी ६० कि.मी.चा वारा असेल, तर वीस मिनिटांच्या उतरणीत तो विमानाला २० कि.मी. पुढे ढकलतो. म्हणजे उतरण तेवढी आधी सुरू करावयास हवी. उशीर झाला तर हवेतील अडथळे उघडून वेग वाया घालवावा लागतो. घाई झाली तर खालच्या दाट हवेत इंजिने पुन्हा चालवावी लागतात. दोन्हीकडे इंधन जाते, आणि दोन्हींचे मूळ वाऱ्याच्या अज्ञानात असते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. विमानाला कळते ती फक्त त्याच्या नाकाशी असलेली हवा. जी हवा मोजली ती मागे पडली. जी पुढे आहे ती मोजलेली नाही. लेसर किरण पुढे फेकून हवा जोखण्याचे प्रयोग झाले आहेत, पण त्यांची दृष्टी दहा-वीस कि.मी.ची आहे. म्हणजे एक-दीड मिनिटाचे उड्डाण. झटक्यांची सूचना मिळण्यास ते पुरेल. मार्ग निवडण्यास पुरणार नाही. मात्र जी हवा माझ्या पुढे आहे, तिच्यातून वीस मिनिटांपूर्वी दुसरे एखादे विमान गेलेले असते. त्याने ती मोजलेली असते. ते मोजमाप माझ्यापर्यंत आले तर माझी दृष्टी शेकडो कि.मी. लांब होते. माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा येथे आहे. उपकरणे बहुतेक विमानांत आधीपासूनच आहेत; प्रश्न आहे तो त्यांनी जे जाणले ते दुसऱ्यास सांगण्याचा.

अशी व्यवस्था जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली उभी राहिली आहे. सहभागी विमाने चढताना व उतरताना थोड्याथोड्या उंचीच्या फरकाने आणि मार्गावर काही मिनिटांच्या अंतराने वारा व तपमान आपोआप खाली पाठवितात. तो संदेश हवामान केंद्रांच्या संगणकांत जातो, त्यावरून अंदाज सुधारतो आणि सुधारलेला अंदाज पुढच्या विमानाच्या संगणकात भरला जातो. याच्या जोडीला फुगे आहेतच. आपल्या ग्वाल्हेरचेही नाव भारताच्या रेडिओसाँड केंद्रांच्या यादीत आहे. परंतु फुगा सोडण्याच्या जागतिक वेळा दिवसातून दोन, आपल्या घड्याळाने पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. मधल्या बारा तासांत झोतवारा शेकडो कि.मी. सरकू शकतो. वारा थेट मोजणारा युरोपीय उपग्रह एओलस २०१८ मध्ये सोडला गेला आणि त्याने उत्तम काम केले. पण त्याचे आयुष्य २०२३ मध्ये संपले.

विमानांच्या या निरीक्षणांचे मोल २०२० मध्ये सगळ्यांना उमगले. महासाथीमुळे विमाने जमिनीवर उभी राहिली आणि त्यांच्याकडून येणारी निरीक्षणे, जागतिक हवामान संघटनेच्या अंदाजानुसार, तीन-चतुर्थांशांहून अधिक घटली. उडणाऱ्यांचा हवामानाचा अंदाज हा उडणाऱ्यांच्याच डोळ्यांवर किती अवलंबून आहे, ते तेव्हा दिसले.

अंदाजावर विश्वास नसला की काय होते? विमान जादा इंधन घेऊन निघते. नियमाने ठरलेला राखीव साठा असतोच. त्यावर वैमानिक मनाच्या शांततेसाठी आणखी थोडे मागतो. त्याला दोष देता येत नाही, कारण वर आकाशात पेट्रोल पंप नाही. परंतु वजन वाहून नेण्यासही इंधन लागते. ढोबळ मानाने जादा वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला जळते. दहा तासांच्या प्रवासात जादा नेलेल्या १,००० किलोपैकी सुमारे ३०० किलो केवळ ते नेण्यातच संपतात. वाऱ्याचा अंदाज जितका भरवशाचा, तितकी ही शिदोरी लहान ठेवता येते.

बचत किती होऊ शकते, याचा एक काटेकोर अभ्यास इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ डिसेंबर २०१९ ते २९ फेब्रुवारी २०२० या हिवाळ्यातील न्यूयॉर्क–लंडन मार्गावरील उड्डाणे संशोधकांनी तपासली. वाऱ्याचा उत्तम उपयोग केला असता, तर पश्चिमेकडे जाताना सरासरी १.७ टक्के आणि पूर्वेकडे येताना २.५ टक्के इंधन वाचले असते, असे त्यांना आढळले. आकडे किरकोळ वाटतील. पण नव्या इंजिनासाठी अब्जावधी रुपये आणि दहा-पंधरा वर्षे लागतात. येथे केवळ माहिती आणि तिच्याप्रमाणे वळण्याची मुभा लागते. त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०२० मध्ये, एका वादळाने बळावलेल्या झोतावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते.

वळण्याची मुभा, असे मी म्हटले. ती नेहमी नसते. वारा कुठे अनुकूल आहे हे कळले तरी तेथे दुसरे विमान असते, सरहद्द असते, किंवा लष्कराचे राखीव आकाश असते. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की भारताच्या आकाशापैकी केवळ ६० टक्के नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध आहे आणि निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल. उत्तम संवेदक बसविलेल्या विमानालाही आखून दिलेल्या वाटेनेच जावे लागत असेल, तर त्याची अवस्था जोत्याला बांधलेल्या शर्यतीच्या घोड्यासारखी होते.

आर्द्रतेविषयीही बोलले पाहिजे. वारा आणि तपमान बहुतेक विमाने मोजतात. आर्द्रता फार थोडी मोजतात, कारण इतक्या थंड व कोरड्या हवेत ती अचूक मोजणे कठीण आणि उपकरण महाग. वस्तुतः विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा, ज्यांना मुले धूर म्हणतात, त्या बर्फकणांच्या असतात. हवा पुरेशी थंड आणि बाष्पाने अतिसंपृक्त असेल तर त्या तासन्‌तास टिकतात, पसरतात आणि पृथ्वीची उष्णता अडवितात. अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगल यांनी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात ७० उड्डाणांमध्ये अंदाजाच्या आधारे उंची बदलून या रेषा ५४ टक्क्यांनी कमी करण्यात आल्या. त्या उड्डाणांना मात्र सुमारे दोन टक्के इंधन जास्त लागले. म्हणजे किमान इंधन आणि किमान उपद्रव ही दोन वेगळी उत्तरे असू शकतात, आणि कोणते स्वीकारावे हे ठरविण्यासाठी आधी बाष्प मोजावे लागेल.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. विमानाने पाठविलेल्या प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. ते पाठविणारी कंपनी देते किंवा तिच्या देशाची हवामान संस्था भरून देते. लाभ मात्र मागून येणाऱ्या विमानाला होतो, आणि ते बहुधा प्रतिस्पर्धी कंपनीचे असते. म्हणून काही कंपन्या आपल्या विमानांनी मोजलेला वारा ही आपली मालमत्ता समजतात. व्यापाराच्या दृष्टीने हे समजण्याजोगे आहे. तथापि त्याचा परिणाम असा की युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या आकाशात निरीक्षणांची दाटी आहे, तर आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग यांच्यावर ती विरळ आहे. आणि झोतवारा तर एका देशावरून निघून दुसऱ्या दिवशी तिसऱ्यावर असतो. नेदरलँड्समध्ये यावर एक वेगळी वाट निघाली. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या रडारला विमाने आपला वेग व दिशा तशीही कळवितात. त्या उत्तरांतूनच तेथील हवामान संस्थेने वारा व तपमान काढावयास सुरुवात केली. विमानात एकही नवे उपकरण बसवावे लागले नाही, कंपनीला एकही नवा संदेश पाठवावा लागला नाही. दक्षिणेकडून दिल्लीकडे जाणारी विमाने ज्या रडारांना उत्तरे देतात, त्या उत्तरांतही वारा दडलेला आहे. तो वजाबाकी करून काढावयाचा आहे.